सुया वाटल्या की व्यसन वाढतं? नाही!

"स्वच्छ सुया फुकट वाटल्या की लोक अजूनच ड्रग्ज घेतात" हे वर्षानुवर्षं फिरतंय आणि ते चुकीचं आहे. अमेरिकेत इंडियाना राज्याच्या कायद्यात असं वाटप चालतच नव्हतं, मग २०१५ मध्ये छोट्याशा स्कॉट काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) एकच सुई अनेकांनी वापरल्याने २०० च्या आसपास लोकांना एचआयव्ही झाला, तेव्हा कुठे गव्हर्नर माइक पेन्स यांनी आणीबाणी जाहीर केली आणि कायदा बदलला. सीडीसीच्या (अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था) मते अशा सुया वाटणाऱ्या केंद्रात नव्याने येणारे लोक व्यसनावर उपचार घ्यायला लागण्याची शक्यता पाचपट जास्त असते, कारण तिथे टेस्ट होते, कुणीतरी न हिणवता बोलतं, उपचार कुठे मिळतील ते कळतं. खूप वाईट वाटतं, २०२१ मध्ये स्कॉट काउंटीच्याच कमिशनरांनी (निवडून आलेल्या कारभाऱ्यांनी) २ विरुद्ध १ मतांनी तिथलं सुया वाटणारं केंद्र बंद करायचं ठरवलं.