घोड्याच्या पायावरील जखम आणि वण

घोड्याच्या पुढच्या पायात गुडघ्याखाली आणि मागच्या पायात टाचेच्या सांध्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच. तिथे हाड, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट दोर) आणि त्यांवर ताणून बसलेली पातळ कातडी एवढेच असते. तारेच्या कुंपणात पाय अडकून किंवा पत्र्याची धार लागून या भागात झालेली जखम म्हणूनच अंगावरच्या जखमेपेक्षा फार वेगळी वागते. मान, छाती किंवा पुठ्ठा यांवरची मोठी जखमही आकसत जाते आणि बारीक रेघ ठेवून भरते. पायावर आकसायला सैल कातडीच नाही. पहिला आठवडा-दोन आठवडे तर ताणामुळे जखम रुंदावते, आणि उपचार चुकत आहेत असे वाटून मालक घाबरतो. पुढे कडांकडून नवी कातडी सरकू लागते, पण तिचा वेग दिवसाला सुमारे ०.१ मिमी, म्हणजे धडावरच्या वेगाच्या निम्माच असतो. सहा सेंमी रुंदीची जखम केवळ अशा सरकण्याने भरायची तर दहा महिने लागतील. तट्टांच्या जखमा मोठ्या घोड्यांपेक्षा लवकर भरतात, कारण त्यांच्यात सुरुवातीचा दाह जोरकस असतो आणि लवकर ओसरतो. मोठ्या घोड्यात तो मंद असतो आणि रेंगाळतो.

वण किती राहील हे बरेचसे पहिल्या काही तासांत ठरते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाचा जाड थर ठेवून घट्ट दाब द्यावा. त्यानंतर जखमेत पाण्यात विरघळणारे जेल भरून भोवतीचे केस कापावेत, म्हणजे ते आत पडत नाहीत. धुण्यासाठी सलाइन उत्तम. ते नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ घालावे. पोव्हिडोन आयोडीन वापरायचे तर फिकट चहाच्या रंगाइतके पातळ करूनच. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून समाधान वाटते, पण तो जंतूंबरोबर जखम भरणाऱ्या पेशीही मारतो. हळद, राख, इंजिन ऑइल, जांभळे औषध यांपैकी काहीही पशुवैद्याने पाहण्याआधी लावू नये. त्याखाली जखमेची खोली दिसेनाशी होते. धनुर्वाताचे इंजेक्शन मात्र चुकवू नये, कारण पाळीव जनावरांत धनुर्वाताला सर्वाधिक बळी पडणारा प्राणी घोडाच आहे.

सर्वांत फसवी जखम लहान असते. सांध्याजवळ किंवा कंडरेच्या आवरणाजवळ बोटाच्या पेराएवढे छिद्र असेल आणि त्यातून पिवळसर, चिकट पाणी येत असेल, तर वणाचा विचार बाजूला ठेवून घोडा त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात न्यावा. सांध्यात पू झाला तर घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो.

टाके घालता आले तर वण सर्वांत कमी राहतो. जखम ताजी व स्वच्छ असेल आणि कडा ताणाशिवाय जुळत असतील, तर ते लगेच घालतात. मळलेली जखम दोन-चार दिवस धुऊन, पट्टी बांधून मग शिवता येते. टाके पुढे सुटले तरी मधल्या काळात कातडीने हाड झाकून ठेवलेले असते, म्हणून प्रयत्न वाया जात नाही.

उघडी राहिलेली जखम पहिले काही दिवस तीन थरांच्या पट्टीत ठेवतात: आत न चिकटणारी जाळी, त्यावर कापसाचा जाड थर, बाहेर ताणाची पट्टी. साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवसापासून तळात लाल, दाणेदार मांस भरू लागते. हे मांस हवेच असते, कारण नवी कातडी त्याच्यावरूनच सरकते. पण घोड्याच्या पायात ते थांबत नाही. कातडीच्या पातळीवर चढून ते फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे फुगते आणि कडेची कातडी त्याच्या भिंतीपाशी अडून राहते. मोठे, ओबडधोबड वण बहुतेक यातूनच होतात. सांध्यावरच्या जखमेत हालचालीमुळे ही वाढ जास्त होते. सततच्या पट्टीनेही ती वाढते, म्हणून तळ भरल्यावर पट्टी कधी सोडायची हा निर्णय जखम पाहूनच घ्यावा लागतो.

वाढलेले मांस मोरचूद लावून जाळण्याची पद्धत जुनी आहे आणि ती सोडून द्यावी. मोरचूद मांसाबरोबर कडेची कोवळी कातडीही जाळतो, आणि तीच तर वाचवायची असते. थोडीच वाढ असेल तर पशुवैद्य स्टिरॉइडचे मलम एक-दोनदाच लावतात. जास्त असेल तर सुरीने कातडीच्या पातळीपर्यंत किंवा किंचित खाली छाटतात. या मांसात मज्जातंतू नसल्याने दुखत नाही, पण रक्त भरपूर येते, त्यामुळे हे काम तबेल्यात मोतद्दाराने करण्याजोगे नाही. जखम फार मोठी असेल तर मानेवरची, आयाळीखालची कातडी बारीक तुकड्यांत काढून दाणेदार मांसात रोवतात. काही तुकडे गळतात, पण टिकलेला प्रत्येक तुकडा नव्या कातडीचे बेट होतो आणि काही महिने वाचतात.

विश्रांतीचा प्रश्न सर्वांत अवघड. माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्याने घोडा प्रवासी आणि सामान दोन्ही वाहतो. तिथल्या घोडेवाल्याला जनावर कित्येक आठवडे बांधून ठेवणे म्हणजे तेवढी कमाई सोडणे. पण सांध्यावरची जखम कामाने रोज थोडी फाटते, आणि ती सुट्टी पुढे दुपटीने घ्यावी लागते.

नीट भरलेल्या जागीही केसांची मुळे परत येत नाहीत, त्यामुळे मधोमध बिनकेसांचा पट्टा आणि कडेला कधी पांढरे केस राहतात. जखम महिनोन्‌महिने भरतच नसेल तर कारण आत शोधावे. हाडाचा मेलेला तुकडा अडकला असेल तर तो एक्स-रेमध्ये दिसतो. उष्ण प्रदेशात माश्या जखमेत जठरातल्या कृमींच्या अळ्या सोडतात. त्यांनी होणाऱ्या खाजऱ्या फोडांवर आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक लागू पडते. वाढीव मांसासारखी दिसणारी गाठ सारकॉइडची, म्हणजे गायीगुरांच्या पॅपिलोमा विषाणूशी जोडलेल्या अर्बुदाचीही (कातडीतल्या ट्यूमरचीही) असू शकते. ती नुसती छाटली की अधिक जोमाने वाढते, म्हणून शंका आल्यास छाटण्याआधीच तुकडा तपासणीला पाठवतात.