घट्ट हवी, पण फुटायलाही हवी

दादरच्या आमच्या मावशीला डॉक्टरांनी कॅल्शियम सुरू केलं, तेव्हा गोळी हातात घेऊन ती म्हणाली, "अगं बाई, एवढी मोठी? ही गिळायची कशी?"

प्रश्न अगदी रास्त आहे. स्ट्रिपवर 500 मिलिग्रॅम कॅल्शियम लिहिलेलं असतं, पण ते बहुतेक वेळा कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात असतं. चुनखडीत आणि शिंपल्यात असतं, तेच हे. त्यात कॅल्शियमचा वाटा फक्त 40 टक्के. म्हणजे 1250 मिलिग्रॅम पूड लागणारच, वर बाकीचा माल वेगळा.

त्याच गोळीत अनेकदा 250 आययू (जीवनसत्त्व मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक) डी3 जीवनसत्त्व असतं. वजनात ते भरतं सव्वासहा मायक्रोग्रॅम. एक लाख गोळ्यांची बॅच धरा: दीडशे किलोच्या आसपास माल, आणि त्यात शुद्ध डी3 पाऊण ग्रॅमसुद्धा नाही! तरी ते प्रत्येक गोळीत सारखं उतरायला हवं. या सगळ्या कामात मला हेच सर्वांत अवघड वाटतं आणि याचंच सर्वांत कौतुक वाटतं. परातभर लाडवांच्या मिश्रणात केशराच्या काड्या तशाच टाकल्या, तर एखाद्याच लाडवाला रंग येतो. म्हणून आपण त्या आधी चमचाभर दुधात खलतो. कारखान्यातही डी3 येतं ते स्टार्चसारख्या पदार्थात मुरवलेली पूड म्हणून. ती आधी थोड्या मालात मिसळतात, मग तेवढाच आणखी माल घालतात, असं दुपटीने वाढवत नेतात.

नुसती पूड दाबली तर गोळीचा भुगा होतो. म्हणून कार्बोनेट स्टार्चच्या खळीत ओलसर मळून, चाळून, वाळवून रव्यासारखे दाणे करतात. डी3 उष्णतेने खराब होतं, म्हणून ते वाळवण झाल्यावरच घालतात. माल साच्याला चिकटू नये म्हणून शेवटी मॅग्नेशियम स्टिअरेट, साधारण अर्धा ते एक टक्का, आणि तेही मोजकी मिनिटंच फिरवायचं. जास्त घोळवलं तर दाण्यादाण्यावर मेणचट थर चढतो. मग गोळी नीट बांधली जात नाही आणि पोटात लवकर विरघळतही नाही.

मग साच्यातले वरचा आणि खालचा पंच, म्हणजे दाबायचे दांडे, मिळून माल दाबतात. दाण्यांत हवा अडकून राहिली तर गोळीचा वरचा थर टोपीसारखा सुटून उडतो. तयार गोळ्या फिरत्या पिंपात 100 फेरे आपटून बघतात. वजन 1 टक्क्याहून जास्त घटता कामा नये. आणि हीच टणक गोळी 37 अंशांच्या पाण्यात ठरलेल्या वेळात फुटायलाही हवी. त्यासाठी तिच्यात क्रॉसकार्मेलोज सोडियम घालतात. ते पाणी पिऊन फुगतं आणि गोळीला आतून फोडतं.

पण असे पदार्थ हवेतलं पाणीही ओढतात. मुंबईच्या जुलैत पापड सादळतो, तशी गोळीही. मावशीने महिन्याच्या सगळ्या गोळ्या स्ट्रिपमधून काढून डबीत भरून ठेवल्या होत्या. मी एकीच्या कडेवर नख लावलं, तर पांढरी पूड बोटावर आली. आता ती स्ट्रिपमधली एकच गोळी काढते, तीही जेवताना, कारण पोटात आम्ल असताना कार्बोनेट चांगलं विरघळतं.