स्टॅनली स्टीमर: रॉकेल, पाणी आणि सकाळचा अर्धा तास

घरातला कुकर शिट्टी मारतो तेव्हा आतलं प्रेशर बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस इंचाला साधारण १५ पौंडांनी जास्त असतं आणि पाणी १२० डिग्रीच्या आसपास तापलेलं असतं. आता प्रेशर ६०० पौंड करा, पाणी २५० डिग्रीला न्या आणि ते भांडं गाडीच्या बॉनेटखाली बसवा. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत हजारो लोक अशी गाडी चालवत होते. स्टॅनली स्टीमर.

आज हे विचित्र वाटतं, पण १९०० साली अमेरिकेत ज्या ४,१९२ गाड्या बनल्या त्यातल्या १,६८१ वाफेच्या होत्या, १,५७५ बॅटरीच्या आणि पेट्रोलच्या फक्त ९३६!

ती बनवणारे फ्रान्सिस आणि फ्रीलन स्टॅनली हे अमेरिकेच्या मेन राज्यातल्या किंगफील्ड गावचे जुळे भाऊ. फोटोच्या काचेच्या प्लेट बनवून पैसा कमावला (तो धंदा पुढे ईस्टमन कोडॅकने घेतला) आणि १८९७ मध्ये पहिली वाफेची गाडी केली. १८९९ मध्ये फ्रीलन बायकोला, फ्लोराला, शेजारी बसवून माउंट वॉशिंग्टनच्या माथ्यावर, म्हणजे १,९०० मीटरच्या वर, गाडी घेऊन गेला. गाडीचं डिझाइन मध्ये एकदा विकून टाकलं होतं, मग १९०२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटनला स्टॅनली मोटर कॅरेज कंपनी काढली.

मला खरं कौतुक आहे ते इंजिनचं. पेट्रोल इंजिन थांबलेलं असताना जोर देऊच शकत नाही, आधी ते फिरत ठेवावं लागतं, म्हणून क्लच आणि गिअर. वाफेचं तसं नाही, वाफ आधीच दाबून तयार असते, झडप उघडली की चाक उभं असतानाच पूर्ण जोर मिळतो, त्यामुळे स्टॅनलीत क्लच नाही, गिअरबॉक्स नाही, इंजिन सरळ मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेलं. रिव्हर्स हवा? झडपांची वेळ बदलायची, इंजिनच उलटं फिरतं. शिवाय वाफ पिस्टनला दोन्ही बाजूंनी ढकलते, म्हणून दोनच सिलिंडर असून एका फेरीत चार धक्के मिळतात, तेवढ्यासाठी नेहमीच्या पेट्रोल इंजिनला आठ सिलिंडर लागतील. १९०६ मध्ये फ्लोरिडाच्या वाळूवर फ्रेड मॅरियटने स्टॅनलीची खास रेसिंग गाडी ताशी २०५ किलोमीटरने पळवली, त्या वेळी जगात त्याहून वेगवान गाडी नव्हती.

आणि बॉयलर फुटायची भीती? बॉयलरच्या टाकीभोवती पियानोची तार घट्ट गुंडाळलेली असायची, आत शेकडो बारीक नळ्या. पाणी कमी पडलं तर बहुतेक वेळा नळ्यांचे सांधे गळायला लागायचे आणि गाडी थांबायची, टाकी शाबूत राहायची.

मग अडलं कुठे? सकाळी. ज्यांच्या घरी रॉकेलचा स्टोव्ह होता त्यांना लगेच कळेल. काकडा पेटवून बर्नर गरम केल्याशिवाय रॉकेलची वाफ होत नाही आणि निळी ज्योत येत नाही, स्टॅनलीचंही तेच. आधी छोटी पायलट ज्योत तापवायची, मग मोठा बर्नर पेटवायचा, मग प्रेशर चढायची वाट बघत बसायचं, थंड गाडीला वीस-तीस मिनिटं सहज जायची. त्यानंतरही एकदम निघायचं नाही, थंड सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होतं आणि पाणी काही दाबलं जात नाही, म्हणून गाडी हळूहळू पुढे-मागे करून ते बाहेर काढायचं.

तरी १९१२ पर्यंत हे चालून गेलं, कारण पेट्रोल गाडीचं हँडल मारताना लोकांचे हात मोडायचे. त्या वर्षी कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक सेल्फ-स्टार्टर आणला. बटण दाबा आणि निघा. माझ्या मते स्टॅनलीचा खेळ तिथेच संपला.

दुसरी अडचण पाण्याची. वापरलेली वाफ हवेत सोडून द्यायचे, त्यामुळे दर चाळीस-पन्नास किलोमीटरला टाकी भरायला थांबा, बऱ्याचदा घोड्यांच्या हौदावर. वाफ थंड करून पाणी परत वापरणारा कंडेन्सर १९१५ मध्ये आला, म्हणजे फारच उशिरा. तोवर फोर्ड वर्षाला लाखो गाड्या काढायला लागला होता आणि हे भाऊ वर्षाला काहीशे, त्याही बऱ्याचशा हाताने बनवलेल्या.

१९१७ मध्ये दोघांनी कंपनी विकली. पुढच्याच वर्षी फ्रान्सिस स्वतःची स्टॅनली गाडी चालवत असताना रस्त्यात शेतकऱ्यांच्या गाड्या आडव्या आल्या, त्यांना चुकवताना अपघात होऊन तो गेला. फ्रीलन १९४० पर्यंत जगला. न्यूटनचा कारखाना १९२४ मध्येच बंद पडला होता. मॅरियटचा वाफेच्या गाडीचा रेकॉर्ड मात्र २००९ मध्ये मोडला, एका ब्रिटिश टीमने, बारा बॉयलर लावून.