वजन हळूहळूच का वाढवतो?
खेळाडू आणि पालकांसाठी माहिती

आम्ही खेळाडूंकडून ताकदीचा व्यायाम करून घेतो. पहिल्या महिन्यात पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: “मुलगा इथून दमून कसा येत नाही?” फी भरली की घाम दिसावासा वाटतो, हे आम्हाला समजतं. पण नुसतं दमवायला प्रशिक्षक लागत नाही. तुमचा मुलगा किंवा मुलगी अंगात ताकद घेऊन मैदानात उतरावी आणि मोसमभर तिथं टिकावी, यासाठी आम्ही आहोत.

व्यायामानं शरीर आधी थकतं. जेवण आणि झोप मिळाली की ते भरून येतं आणि पहिल्यापेक्षा किंचित जास्त भार पेलायला तयार होतं. पुढचा भार तेव्हा द्यायचा, तोही थोडासाच. तालमीत जोर-बैठकांची संख्या अशीच चढवत नेतात. १९४० च्या दशकात अमेरिकेत डॉ. थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांवर उपचार करताना वाढत्या वजनाची शिस्तशीर पद्धत बसवली, तिचंही मूळ सूत्र हेच.

सोळा वर्षांच्या वेगवान गोलंदाजाची वही उघडली तर असं दिसेल: स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठका), ४० किलो, ८ चे ३ सेट, म्हणजे सलग ८ बैठका, अशा तीन वेळा. शेवटच्या सेटलाही पाठ सरळ राहिली आणि अजून दोन बैठका सहज झाल्या असत्या असं वाटलं, तरच पुढच्या आठवड्यात ४२.५. नाहीतर पुन्हा ४०. चौथ्या आठवड्यात वजन तेच, सेट मात्र दोनच. हा हलका आठवडा कृपया चुकवू नका आणि “आज काहीच करून घेतलं नाही” म्हणून रागावूही नका.

व्यायाम खेळाप्रमाणे बदलतो. कबड्डीत चढाई ३० सेकंदांची. त्यात झेप, एका पायावर थांबणं, झटक्यात वळणं. शिवाजी पार्कला रोज तासभर संथ धावून ही तयारी होत नाही. गुडघा सांभाळायचा तर आधी उडी मारून नीट उतरायला शिकावं लागतं, आणि ते आम्ही वजन उचलण्याच्याही आधी शिकवतो.

आता आम्हाला सगळ्यात जास्त काळजी वाटते त्या गोष्टीबद्दल. मुंबईत एकच मुलगा शाळेकडून खेळतो, क्लबकडून खेळतो आणि संध्याकाळी कोचिंगला नेट्समध्ये गोलंदाजीही करतो. प्रत्येक सरांना फक्त आपल्याकडचे चेंडू माहीत असतात. चेंडू टाकताना पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, आणि वाढत्या वयातल्या वेगवान गोलंदाजांच्या कमरेच्या मणक्याला बारीक तडे जाण्याचा धोका खरा आहे. म्हणून रोज रात्री दोन आकडे लिहून ठेवा: सराव किती मिनिटं झाला आणि तो ० ते १० मध्ये किती जड वाटला. दोन्हींचा गुणाकार करा: ९० मिनिटं आणि ६, म्हणजे ५४०. आठवड्याची बेरीज अचानक उसळली, तर आमच्याकडचं वजन आम्ही कमी करतो. गोलंदाजांनी टाकलेले सगळे चेंडूही मोजावेत, मग ते कुठेही टाकलेले असोत.

वजन उचलल्यानं उंची खुंटते, ही भीती मनातून काढून टाका. नीट देखरेखीखाली, वयाला झेपेल असा ताकदीचा व्यायाम मुलामुलींना सुरक्षित असतो. मात्र उंची झपाट्यानं वाढत असताना गुडघ्याच्या खाली दुखू लागलं, तर लगेच सांगा. उड्या कमी करू. दुखणं एकाच जागी असेल, रात्रीही राहत असेल, तर आधी डॉक्टर.

आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड व्हायला वेळ लागतो. सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं असेल, तर पुढच्या काही तासांत एक ते दीड लिटर पाणी थोडं थोडं करून प्यावं. सोबत मीठ घातलेलं लिंबू सरबत चालेल. झोप आठ ते दहा तास. पहाटेची लोकल पकडायची असेल, तर मोबाईल रात्री लवकर बाजूला ठेवावा लागेल, आणि इथं आम्हाला घरच्यांचीच मदत हवी.

पहिल्या दिवशी बूट, टॉवेल, पाण्याची बाटली, जुन्या दुखापतींचे रिपोर्ट आणि शाळा व क्लब या दोन्हींच्या सामन्यांचं वेळापत्रक घेऊन या. त्या दिवशी फक्त तपासणी होईल. वजन उचलायला देणार नाही.