घाट चढताना टिक, उतरताना दडे

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि नाशिककरांचं मुंबईकडे उतरणं एकदम वेगवान झालं. कसारा घाटात वळणं घेत घेत उतरायला लागणारा वेळ आता सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून काही मिनिटांवर आला आहे. तेव्हापासून ओळखीच्या लोकांकडून एक जुनी तक्रार मी नव्याने ऐकतो आहे: कानात दडे बसतात. कुणी गाडीच्या एसीला दोष देतं, कुणी बोगद्यातल्या हवेला. घरातली वडीलधारी मंडळी कापसाचे बोळे काढून देतात. पण दाब कापसातून आरपार जातो, आणि बिघाड असतो तो पडद्याच्या पलीकडे, जिथे बोळा पोचतच नाही.

आधी आकडे पाहू. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे. इथे हवेचा दाब सुमारे ७०७ मिलिमीटर पारा असतो, तर मुंबईत ७६०. रक्तदाब मोजायचं एकक तेच हे. फरक ५३ चा, आणि त्यातला जवळपास निम्मा इगतपुरी ते कसारा या टप्प्यातच पडतो. रेल्वेला इथे ३७ मीटरला १ मीटर असा चढ आहे, म्हणून तर गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात.

कानाच्या पडद्यामागे मध्यकर्ण नावाची हवेने भरलेली छोटी पोकळी असते. तिला बाहेरच्या हवेशी जोडणारी वाट एकच, युस्टेशियन नलिका. मोठ्या माणसात ती साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब असते आणि नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. तिचा कानाकडचा एक तृतीयांश भाग हाडाचा असतो, उरलेला कूर्चेचा आणि मऊ. हा मऊ भाग एरवी मिटलेला असतो. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा टाळूचा टेन्सर व्हेली पॅलाटिनी हा स्नायू त्याची भिंत ओढतो आणि नळी क्षणभर उघडते. दिवसभरात हे असंख्य वेळा घडतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

खरी गंमत या मऊ भागात आहे. घाट चढताना बाहेरचा दाब कमी होतो, मध्यकर्णातली हवा तुलनेने जास्त दाबाची ठरते. फरक १५ मिलिमीटरच्या आसपास गेला की ती हवा स्वतःच नळी ढकलून उघडते आणि घशात निघून जाते. आपल्याला ‘टिक’ असा आवाज येतो. स्नायूला काही करावं लागत नाही.

उतरताना उलटं होतं. आता बाहेरचा, म्हणजे घशाकडचाही, दाब वाढतो आणि मध्यकर्णातला दाब तुलनेने कमी पडतो. नळीचं घशाकडचं तोंड मऊ असल्यामुळे वाढलेला दाब ते उघडण्याऐवजी आणखी मिटवतो. कागदाची भिजलेली स्ट्रॉ फुंकली तर उघडते, ओढली तर चपटी होऊन चिकटते, तसंच. आता स्नायूनेच नळी उघडली पाहिजे. पण फरक ९० मिलिमीटरच्या आसपास गेला की बहुतेकांच्या स्नायूची ताकदच पुरत नाही. कितीही गिळा, नळी उघडत नाही. चढताना सहसा काही होत नाही आणि उतरताना कान दुखतो, त्याचं कारण हे. इलाजही याच्यातूनच निघतो: दुखायची वाट पाहायची नाही, फरक लहान आहे तोवरच कान मोकळा करायचा.

नाशिक-मुंबई प्रवासात एकूण फरकच ५३, म्हणून दडे बसतात पण कान सहसा कुलूपबंद होत नाही. विमानाचं तसं नाही. केबिनमधला दाब जास्तीत जास्त ८००० फुटांवरच्या हवेइतका, म्हणजे सुमारे ५६५ मिलिमीटरपर्यंत उतरू दिला जातो. तिथून नाशिकच्या ओझर विमानतळावर उतरताना फरक १४० च्या घरात जातो, मुंबईत उतरताना १९५ च्या. तारकर्लीला स्कूबा करणाऱ्यांनी तर नीट लक्षात ठेवावं: पाण्यात दर मीटरला सुमारे ७५ मिलिमीटर दाब वाढतो. नाशिकहून मुंबईला उतरून जेवढा वाढेल तेवढा समुद्रात ७० सेंटिमीटरवरच वाढतो.

ओझरला सुखोई बांधली जातात, म्हणून लढाऊ वैमानिकांचा एक वेगळा प्रकार सांगायलाच हवा. शुद्ध ऑक्सिजन श्वासात घेतला की तो मध्यकर्णातही भरतो, आणि तिथलं अस्तर तो नायट्रोजनपेक्षा खूप वेगाने शोषून घेतं. त्यामुळे विमान सुखरूप उतरल्यावरही काही तासांनी, वैमानिक झोपेत असताना आणि गिळणं मंदावलेलं असताना, कानातला दाब पुन्हा कमी पडतो आणि सकाळी कान दुखतो.

कान बंदच राहिला तर दाबाची ही तूट भरून काढण्यासाठी अस्तर सुजतं, त्यातून पाणी झिरपतं, मग रक्त. पडदा आत ओढला जातो आणि फारच ताण आला तर फाटतो.

म्हणून उतरायला लागल्यापासूनच गिळत राहावं, गोळी चघळावी. नाक चिमटीत धरून गिळून पाहावं. इटालियन शरीररचनातज्ज्ञ अंतोनियो व्हाल्साल्व्हाने १७०४ मध्ये वर्णन केलेली युक्तीही चालते: नाक-तोंड बंद करून हलकेच फुंकायचं. हलकेच, कारण जोर लावला तर अंतर्कर्णाचा नाजूक पडदा फाटू शकतो. बाळाला उतरताना जागं ठेवून पाजावं. सर्दी असेल तर शक्यतो उड्डाण पुढे ढकलावं आणि डुबकी मारूच नये. जावंच लागलं तर उतरण्याच्या अर्धा तास आधी नाक मोकळं करणारा स्प्रे मोठ्यांना मदत करतो. रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावा, आणि सलग काही दिवसांहून जास्त वापरू नये, नाक उलट जास्त चोंदतं. घाटात गाडी बाजूला थांबवून दोन घोट पाणी पिता येतं, ही सोय विमानात नाही.

कानात लसणीचं कोमट तेल मात्र कृपा करून घालू नका. पडदा शाबूत असेल तर ते आत जातच नाही, आणि फाटलेला असेल तर नेमकं जिथे जायला नको तिथे जाऊन जंतुसंसर्गाला वाट करून देतं. कानात पेटती मेणबत्ती धरून ‘दाब खेचून काढण्याचे’ व्हिडिओही तितकेच खोटे आहेत. त्यातून भाजल्याच्या जखमा मात्र खऱ्या होतात.

साधे दडे काही तासांत किंवा दिवसांत आपोआप सुटतात. संसर्ग नसेल तर अँटिबायोटिकची गरज नसते. फाटलेला पडदाही बहुतेकदा काही आठवड्यांत भरून येतो; तोवर कान कोरडा ठेवायचा, पोहायचं नाही, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय थेंब घालायचे नाहीत. वारंवार विमानाने जावं लागतं आणि दर वेळी कान धरतो अशांना कधी पडद्यात बारीक नळी बसवावी लागते. पण उतरल्यावर गरगरत असेल, एका कानाने अचानक कमी ऐकू येत असेल किंवा सतत आवाज घुमत असेल, तर दुखापत अंतर्कर्णापर्यंत पोचलेली असू शकते. अशा वेळी जोराने नाक शिंकरू नये, फुंकण्याची युक्ती पुन्हा करू नये आणि त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावं, कारण गेलेलं ऐकणं परत मिळवण्याच्या उपचारांत उशीर महागात पडतो.