मानेतली खीळ आणि रात्रीचा पट्टा

आई बाथरूममध्ये घसरली, डोकं आपटलं, आणि सीटी स्कॅनमध्ये दिसलं की मानेच्या दुसऱ्या मणक्याला फ्रॅक्चर आहे. हाड सरकलेलं नव्हतं म्हणून ऑपरेशन नाही, १२ आठवडे हार्ड कॉलर, चोवीस तास. तिसऱ्याच दिवशी शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं रात्री तरी तो पट्टा काढत जा, मान आखडेल तिची. नाहीतर एखादा पायाळू बघ, पाय लावला की लचक उतरते."

काकूंची माया खरी आहे, पण हे ऐकून पोटात गोळा आला. लचक बहुतेकदा आठ-दहा दिवसांत आपली आपणच जाते आणि श्रेय पायाळूला मिळतं, पण तोच पाय मोडलेल्या मानेला लागला तर हातपाय कायमचे जाऊ शकतात.

रात्री का नाही काढायचा, ते आतली रचना बघितली की कळतं. मानेत ७ मणके, सगळ्यात वरचा ॲटलस म्हणजे नुसती कडी, आणि त्याच्या खालच्या ॲक्सिसवर एक उभा खुंटा असतो, त्याला डेन्स म्हणतात. जातं आठवा, खालच्या दगडाच्या मधोमध खीळ असते आणि वरचा दगड तिच्याभोवती फिरतो, अगदी तसाच ॲटलस साडेचार-पाच किलोचं डोकं घेऊन या खुंट्याभोवती फिरतो. मान डावी-उजवीकडे वळते त्यातलं जवळपास निम्मं वळण फक्त या एका सांध्यात होतं! खुंटा मागे जाऊ नये म्हणून त्याच्या पाठीमागून एक आडवा चिवट लिगामेंट (हाडं बांधून ठेवणारा दोर) ताणलेला असतो आणि त्याच्या मागे लगेच मज्जारज्जू. कडीच्या आतल्या जागेचे ढोबळ तीन वाटे करा, एक खुंट्याचा, एक मज्जारज्जूचा, एक मोकळा, प्रत्येकी साधारण एक सेंटीमीटर. तो मोकळा सेंटीमीटर हीच काय ती शिल्लक.

आता खुंटा बुडाशी मोडला (आईचा तिथेच मोडलाय) की लिगामेंट शाबूत असला तरी डोकं, ॲटलस आणि तुटलेला खुंटा असं सगळं मिळून ॲक्सिसवरून पुढेमागे सरकू शकतं. शिवाय तिथे हाडाला हाड टेकायला जागा अगदी थोडी, म्हणून वयस्कर माणसात हे जुळणं मुळातच अवघड, आणि झोपेत एकदा कूस बदलली की नवीन धरू लागलेला जोड परत हलतो. कॉलरसुद्धा सगळी हालचाल थांबवत नाही, कमी करते फक्त.

कॉलरखालची कातडी मात्र रोज बघावी लागते. आम्हाला नर्सने शिकवलं तसं करतो: आई उताणी सपाट, भाऊ दोन्ही हातांनी डोकं धरून ठेवतो, मी पुढचा भाग सोडून पुसते, कोरडं करते, पॅड बदलते, परत लावते. मग डोकं, खांदे, कंबर एका रेषेत ठेवून ओंडक्यासारखं कुशीवर आणि मागचा भाग. हनुवटी, कानामागे, डोक्याची मागची बाजू इथे लाल डाग दाबूनही पांढरा पडत नसेल तर डॉक्टरांना लगेच दाखवायचा. पावडर, तेल काही नाही.

जेवणाचं कुणी बोलत नाही. गिळताना आपण नकळत हनुवटी थोडी खाली घेतो, कॉलरमध्ये ते जमत नाही आणि घास श्वासनलिकेकडे जायची भीती वाढते. म्हणून ताठ बसवून, मऊ भात, लहान घास, मध्ये बोलायला लावायचं नाही. तिला ताटही दिसेना, मग पालथ्या पातेल्यावर ताट ठेवलं तेव्हा म्हणाली, "आता कळतंय आमटी कुठली." पायाखालचंही दिसत नाही म्हणून पायपुसणी, चटया सगळ्या उचलल्या.

हाताला मुंग्या, पकड ढिली, चालताना पाय अडखळणं, लघवी तुंबणं, श्वासाला त्रास, यातलं काहीही नवीन दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर लावलंय, काकूंनाही वाचून दाखवलं, आता काकूच दुपारी येऊन आईपाशी बसतात आणि ती मान वळवायला लागली की "सरळ बघ गं" म्हणतात.