खुर्ची सरकल्याचा आवाज

अंधेरीच्या ऑफिसात दुपारी साडेतीनला कुणीतरी खुर्ची मागे सरकवायचं. तो आवाज ऐकून आणखी दोघं उठायचे, आणि खालच्या टपरीवर कटिंग पिता पिता चार दिवस अडलेलं काम सुटायचं. आता मी डोंबिवलीत घरूनच काम करतो. लोकलचे धक्के चुकले, त्याबद्दल अजिबात तक्रार नाही. पण ती खुर्ची ऐकू येत नाही.

बोलणं अंतरावर किती अवलंबून असतं, हे अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या थॉमस ॲलन यांनी १९७०च्या दशकातच मोजलं होतं. दोन इंजिनिअरांची टेबलं जसजशी लांब, तसतसा संवाद झपाट्याने कमी. पन्नासेक मीटरपुढे तर जवळपास नगण्य. पुढे मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या ६१ हजारांवर कर्मचाऱ्यांच्या २०२० सालच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की सगळेच घरून काम करू लागल्यावर माणसं आपापल्या गटातच जास्त बोलू लागली. दुसऱ्या विभागातल्या ओळखी सुकल्या. नेमक्या नव्या बातम्या तिथूनच येतात!

मग थेट व्हिडिओचा मोठा पडदा लावून दोन जागा कायमच्या जोडल्या तर? बेलकोर या अमेरिकी कंपनीने १९९०च्या सुमारास दोन मजल्यांवरच्या कॉफीच्या जागा अशा जोडल्या होत्या. पडदा आठ फूट रुंद. पण गंमत अशी, की बोलायला म्हणून माणूस जवळ गेला की तो कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर जायचा! पलीकडच्याला वाटे, निघून गेला.

माझ्या मते खरी अडचण गप्पांची नाहीच, गप्पांआधीच्या खुणांची आहे. हेडफोन काढलेला, हातात रिकामा कप, नजर खिडकीबाहेर: याला आता हटकलं तर चालेल, हे आपण क्षणात ओळखतो. चॅटमधला हिरवा ठिपका फक्त लॅपटॉप चालू आहे एवढंच सांगतो. त्यात व्हिडिओ कॉलवर आवाज किंचित उशिरा पोचतो. समोरासमोर एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भाग पुरतो. तेवढी लय बिघडली की दोघं एकदम बोलतात, एकदम थांबतात, आणि मग ‘नाही नाही, तू बोल’.

आमच्या टीमने बुधवारी तासभर कॉल नुसता उघडा ठेवायचं ठरवलं. विषय नाही, ज्याने त्याने आपलं काम करायचं, फक्त माइक बंद करायचा नाही. दोन बुधवार स्मशानशांतता. तिसऱ्या बुधवारी ठाण्याच्या एका घरातून कुकरची शिट्टी झाली.

“काय शिजतंय रे?”

“राजमा. अगं, ते सर्व्हरचं तुझ्याकडेपण अडलंय का?”